बिनलोळ्याची घंटा

सुपे, १७ मार्च १९१७

झिलू गेला. सहाही जणांना कॅसलरॉकला आगगाडीत बसवून आज दुपारी परत आलो. ही वही जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांनी जानेवारीत दिली होती, ती कोरीच पडली होती. कोरी वही आणि रिकामी परतणारी बैलगाडी, दोन्ही मला बघवत नाहीत. म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं.

सगळे बसऱ्याला चाललेत, समुद्रापार अरबांच्या मुलखात. लढायला नव्हे, सुतारकामाला. तिथं लढाईच्या सामानाच्या बोटी लागतात, त्यांच्यासाठी लाकडी धक्का बांधायचा आहे. सहातला परशू झिलूच्याच वाडीतला कुणबी. बाकीचे चौघे हल्याळ रस्त्याकडचे. परशूचे डोळे वाहत होते. झिलू मात्र डब्याच्या भिंतीला बोटाच्या पेरानं ठोकून, कान लावून उभा. म्हणाला, "सागवान हाय. आतनं निरोगी. जाईल बसऱ्यापतोर." तिकिटं तपासणारासुद्धा हसला.

गाडी हलताना त्यानं विचारलं, "वर्षाचाच करार न्हवं, भिकू?"

"वर्षाचाच."

"मग मोरीला तुझ्या कानावर सोडून जातो."

मोरी म्हणजे त्याची म्हैस. रानात कुठं भरकटली तर गळ्यातल्या घंटेवरून ओळखून घरी आण, एवढंच मागणं. माणूस परमुलखाला जाताना बायको सांभाळ म्हणतो, बाप सांभाळ म्हणतो. हा म्हशीचं बोलला. बाकीचं सांगायची गरज नाही असं त्याला वाटलं असावं.

२० मार्च

बारा वर्षांपूर्वी मी खानापुराकडून या रानात आलो तेव्हा माझ्याकडे एक कुऱ्हाड आणि अंगात हिवताप होता. काळी नदीच्या उतारावर पडलो होतो. कुणीतरी मला उचलून वरच्या वाडीत नेलं, पेज पाजली, महिनाभर ठेवून घेतलं. तो झिलू. आज माझा लाकडाचा डेपो आहे, बारा गाड्या माझ्या शब्दावर चालतात आणि लोक भिकाजीशेट म्हणतात. झिलू अजून भिकूच म्हणतो.

लाकूड ऐकायला त्यानंच शिकवलं. ओंडक्याच्या एका तोंडावर कुऱ्हाडीच्या मागल्या अंगानं ठोकायचं, दुसऱ्या तोंडाला कान लावायचा. निरोगी लाकूड लगेच उत्तर देतं. पोकळ असलं तर उत्तर उशिरा येतं, आणि तेही घोगरं. बाकीचे ठेकेदार साल बघून माल घेतात आणि पस्तावतात. मी कानानं घेतो. माझं सगळं बस्तान या एका विद्येवर बसलं आहे आणि ती मी कुणाला दिलेली नाही. झिलूनं मात्र मला मागितल्याशिवाय दिली.

२४ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

भरतीच्या साहेबाला सहा सुतार हवे होते, पाचच मिळाले. रेंजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, या भागात सगळ्यांत चांगला हात कुणाचा. मी झिलूचं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हा काही गुन्हा नव्हे. मग साहेब म्हणाले, त्याला तयार करा. मी वाडीवर जाऊन झिलूला म्हटलं, तुझी कीर्ती साहेबाच्या कानावर गेली आहे, तो तुलाच मागतोय. हे तितकंसं खरं नव्हतं. कीर्ती माझ्या तोंडून गेली होती.

त्याला जायचं नव्हतं. केशर, त्याची बायको, चुलीशी बसून ऐकत होती, तिलाही नको होतं. झिलूनं मला विचारलं, "तुला काय वाटतंय?" मी म्हटलं, जा. त्यावर तो उठला आणि सरळ हत्यारांना धार लावायला बसला.

चार दिवसांनी रेल्वेच्या स्लीपरांचं काम माझ्या नावावर झालं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. माझा माल चोख असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

९ एप्रिल

वरच्या वाडीला जाऊन आलो. झिलूचा बाप कान्हू अंगणात वेताच्या पट्ट्या सोलत होता. केशरनं "या भावजी" म्हणून चटई टाकली, पेज आणि वाटलेली मिरची दिली. तिच्या हातची मिरची खाऊन मी दरवेळी रडतो आणि ती दरवेळी तोंड फिरवून हसते. आजही हसली, पण थोडंच.

संध्याकाळी जनावरं परतताना मी डोळे मिटून कान्हूबाबांना सांगत होतो, ही मोरी, ही परशूच्या घरची, ही त्या टोकाच्या घरची. या लोकांच्या म्हशींच्या गळ्यात लाकडाच्या घंटा असतात. दर घरचा कर्ता आपली घंटा आपण कोरतो, आतून खरवडून तिचा आवाज काढतो, आणि एका घरचा आवाज दुसऱ्यासारखा होऊ देत नाही. म्हातारा म्हणाला, "कान कुणब्याचा हाय तुमचा. बाकी न्हाई." मी हसलो. बाकी काय नाही ते विचारायचं राहिलं.

२ ऑगस्ट

बसऱ्याहून पत्र. झिलूला अक्षर येत नाही. कुणा रत्नागिरीकडच्या कारकुनानं लिहून दिलं आहे, पण बोलणं झिलूचंच. उन्हात लोखंडी हत्यार हातात धरवत नाही, म्हणून पहाटे काम चालतं. झाडं म्हणावीत तर खजुरांचीच. "ठोकलं तर काय बोलत न्हाई. या मुलखातल्या झाडांच्या आत लाकूडच न्हाई." मोरी व्याली का, रेडी की रेडा, ते कळव म्हणतो.

पावसातून वाडीवर जाऊन पत्र वाचून दाखवलं. केशरनं दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, फक्त खजुराचं वाचा.

रेडी झाली आहे. उत्तरात लिहिलं.

६ जानेवारी १९१८

रेंजरसाहेबांकडून कळलं की बसऱ्याच्या माणसांना मार्चात सोडणार नाहीत. काम पुरं होईस्तोवर, म्हणजे लढाई संपेस्तोवर. करारात तशी ओळ होती म्हणे. मी ती वाचली नव्हती. खोटं कशाला, वाचली होती. असल्या ओळी दर करारात असतात, त्या कुणी मनावर घेत नाही.

हे वाडीवर जाऊन सांगायला हवं. पण स्लीपरांची घाई आहे.

१३ जानेवारी

केशर स्वतःच डेपोवर आली. बाजाराला आलेल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं. उन्हात उभी राहिली, सावलीत ये म्हटलं तरी आली नाही.

"वर्षाचं म्हणाला होतासा न्हवं, भावजी?"

मी म्हटलं, सरकारी काम आहे, मागंपुढं होतं. तिनं मान हलवली आणि नदीच्या वाटेला लागली. तिचं पाऊल वाळूत मला बराच वेळ ऐकू येत होतं. मला वाटतं तिची समजूत पटली.

११ फेब्रुवारी

आज टपालातून तागाच्या कापडात शिवलेलं गाठोडं आलं. आत लाकडी घंटा. हात लावताच कळलं कुणाची. दोन ओंजळींएवढी, दोन्ही बाजूंनी चपटी, वरती दोरीसाठी कान. बाहेरून इतकी गुळगुळीत की काचेच्या तुकड्यानं घासली असणार. एवढ्या उन्हात, एवढ्या कामातून, कधी कोरली असेल?

पेरानं ठोकून पाहिली आणि अंगावर काटा आला. सागवान. तेही आपल्या रानातलं, कोरड्या उतारावरचं. पाणथळीतल्या सागाला ती किणकिण नसते. मग आत डोकावलो. कडेला अर्धं वर्तुळ आणि त्यात 'भि' अक्षराचा वरचा भाग. माझ्या हातोड्याचा शिक्का. माझ्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर तो असतो. गेल्या वर्षी कारवार बंदरातून सरकारी लाकूड गेलं त्यात माझाही माल होता. तो बसऱ्याला पोचला, झिलूला तिथं भेटला, आणि घंटा होऊन परत आला. एवढं सगळं खरवडलं, पण शिक्का तेवढा त्यानं ठेवला.

आत लोळा मात्र नाही. घंटा वाजायची ती आत टांगलेल्या लोळ्यानं, तोच नाही. लोळा टांगायचं भोक आहे. सोबत कारकुनाच्या अक्षरात एकच ओळ: "ही भिकूला. पुढचं त्यानं करायचं."

वाटेत पडू नये म्हणून लोळा घातला नसेल. झिलू धोरणी आहे.

१५ फेब्रुवारी

उमाजी लोहाराकडून लोळा करून घेतला. चांगला गजाचा, गोल तोंडाचा. उमाजी म्हणाला, शेट, लाकडाच्या घंटेत लोखंड? मी म्हटलं, माझ्या घंटेत हलकासलका माल नको.

डेपोच्या दारावर टांगली. गाडी आली की वाजवायची. रेंजरसाहेबांनीही वाजवून पाहिली. प्रत्येकाला मी शिक्का दाखवतो.

वाडीवर नेऊन केशरला दाखवावी असं रोज मनात येतं. पण तिथं गेलं की ती पुन्हा वर्षाचं विचारील. तो आला की त्याच्यासोबतच नेईन.

२६ मार्च

उद्या होळी. वाडीच्या बाजूनं ढोल ऐकू येतायत.

घंटेचा आवाज आठवड्यापासून बदलला आहे. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. उत्तर उशिरा येतं आणि शेवटाला घोगरं होतं. आज उतरवून उजेडात धरली. लोखंड जिथं आपटतं तिथून वरपर्यंत केसाएवढी चीर गेली आहे.

बारा वर्षं मी लोकांची लाकडं ऐकून नाकारली. घरातलं एक लाकूड मला जपता आलं नाही. लोळा काढून ठेवला.

१४ एप्रिल

परशू परत आला.

मी डेपोवर ओंडके तपासत होतो. वाळलेल्या खोडासारखा एक माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. त्यानं "शेट" म्हटलं तेव्हा आवाजावरून ओळखलं. पोटाच्या विकारानं त्याला बोटीनं माघारी धाडलं. मी त्याच्या मागं बघितलं. तो म्हणाला, "मागं कोण न्हाई."

झिलू पौषात गेला. तीन दिवस ताप. म्हणजे घंटा इथं पोचली त्याच्या आधीच तो गेलेला होता. मी ती दारावर टांगून लोकांना वाजवून दाखवत होतो तेव्हाही. सरकारी कागद अजून आलेला नाही. परशूनं सांगितलं की त्याला धक्क्याच्या उरलेल्या लाकडांवर अग्नी दिला. मग म्हणाला, "त्यात थोडं तुमचंबी लाकूड असंल."

मी त्याला आत नेऊन बसवलं. पाणी दिलं. मग मीच त्याला घंटा दाखवली, का ते माहीत नाही. बहुधा मला काहीतरी हातात धरायचं होतं. परशूनं ती उलटी केली, चीर पाहिली, बाजूला पडलेला लोखंडी लोळा पाहिला.

"ह्यो कुणी घातला?"

मी म्हटलं, मी.

"लोहाराकडनं?"

मग त्यानं सांगितलं. यांच्यात दोन घरं भाऊ व्हायची असली की एक जण घंटा कोरतो आणि बिनलोळ्याची दुसऱ्याच्या हातात देतो. दुसऱ्यानं आपल्या घरच्या लाकडाचा, आपल्या हातानं लोळा करून आत घालायचा. मग ती घंटा कळपाच्या पुढं चालणाऱ्या म्हशीच्या गळ्यात बांधतात, दोन्ही घरची जनावरं त्या दिवसापासून एका कळपात चरतात, आणि एकाचं जनावर चुकलं तर दुसरा शोधायला जातो. लोळा विकत घ्यायचा नसतो, दुसऱ्याकडून करवायचा नसतो. झिलूच्या घराण्यात कुणब्यांबाहेरच्या कुणाला अशी घंटा दिल्याचं परशूला ठाऊक नाही.

बारा वर्षं मी त्या घरी जेवलो. हे मला माहीत नव्हतं.

उठताना परशू म्हणाला, "एक सांगायचं राह्यलं. बोटीवर चढताना नावं पुकारली. ज्यानं नाव दिलं त्याचंबी नाव वाचत होते. झिलूच्या नावाम्होरं तुमचं वाचलं. आमी सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भिकूला सांगायला जमलं न्हाई. मी घरी गेलो की तोच सांगंल."

म्हणजे घंटा कोरायला घेतली तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

१५ एप्रिल

परशूबरोबर वाडीवर गेलो. वाटेत मी त्याला विचारलं, बोटीवरचं तू सांगणार का. तो म्हणाला, "मी न्हाई. तुमी सांगाल असं तो म्हणालाय."

आम्हां दोघांना चढणीवर येताना पाहून केशर अंगणात उभी राहिली. तिसरा कुणी नाही हे तिनं लांबूनच मोजलं. परशूनं सांगितलं. ती खाली बसली नाही, आरडली नाही. गोठ्यात गेली आणि मोरीच्या गळ्यातली घंटा सोडून आणून कान्हूबाबांच्या पायाशी ठेवली. घरचा कर्ता गेला की त्याच्या हातची घंटा उतरवतात. मोरी विनाआवाजाची रानाकडे गेली. तेवढी शांत चाललेली म्हैस मी कधी पाहिली नव्हती.

मी माझं सांगितलं नाही. आजचा दिवस त्याचा नव्हता. हे कारण खरं आहे का, ते मी स्वतःला दोनदा विचारलं. उत्तर उशिरा आलं.

२८ एप्रिल

झिलूचे दिवस झाले. मी घंटा घेऊन कान्हूबाबांकडे गेलो आणि जे केलं ते सांगितलं, लोखंडाचं. म्हणालो, आता ती चिरली आहे आणि देणाराही राहिला नाही. ही तुमच्या घरात ठेवा.

म्हातारा बोटानं शिक्का चाचपत राहिला. त्याला आता कमी दिसतं. मग वेताची ओली पट्टी घेऊन त्यानं चिरेवरून तीन वेढे आवळले, गाठ मारली आणि घंटा माझ्याच मांडीवर ठेवली.

"त्यानं आपलं केलं," म्हणाला. "तुमचं राह्यलंय."

५ मे

घरच्या लाकडाचा लोळा. माझ्या घरात घरचं लाकूड कुठलं? सगळी मेजं-पेट्या बेळगावहून आणलेल्या. शेवटी माळ्यावरून जुनी कुऱ्हाड काढली, जी घेऊन इथं आलो होतो. तिचा दांडा खैराचा, माझ्या बापानं घातलेला. करवत लावली तेव्हा दातांत कळ आली.

कोरायला बसलो आणि कळलं की हात बायकांसारखे मऊ झालेत. पहिला तुकडा फुटला. दुसरा एका बाजूला बारीक झाला. डेपोवरची माणसं बघत होती. कुणी हसलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. उमाजी येऊन म्हणाला, द्या शेट, मी तासून देतो. मी नको म्हटलं.

८ मे

तिसरा जमला. बोटांना चार ठिकाणी लागलं आहे. घंटेत घालून पाहिलेला नाही.

घालण्याआधी केशरला सांगावं लागेल. एकदा जनावरं एका कळपात गेली की मग सांगणं म्हणजे चोरी करून हिशेब समजावण्यासारखं. न सांगताही चालेल. परशू बोलणार नाही, सरकारी कागदात असल्या गोष्टी नसतात. झिलूनं माफ केलं आहे, मग कुणाला काय सांगायचं राहिलं, असाही विचार करून पाहिला. दिवसभर केला. मी सौदे करणारा माणूस आहे. माझ्याच बाजूनं बोलणारा दलाल मला ओळखता येतो.

९ मे

सांगितलं.

कान्हूबाबा होते, परशू होता, केशर दाराच्या उंबऱ्यावर होती. मी अंगणात उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगितलं: साहेबानं विचारलं, मी नाव दिलं, झिलूला साहेबच मागतोय असं खोटं सांगितलं, करारातली ओळ वाचली होती आणि लपवली. स्लीपरांचं काम मला चार दिवसांनी मिळालं, हेही सांगितलं. संबंध नाही असं म्हणणार होतो, पण तोंडात आलेलं ते वाक्य मी गिळलं.

कान्हूबाबांनी डोळे मिटून घेतले. परशू म्हणाला, "झिलूला ठावं होतं, वैनी. बोटीवरच कळलं. त्याच्या मागनं त्यानं घंटा केली."

केशर खूप वेळ माझ्याकडे बघत होती. मी लाकूड ऐकतो तशी ती मला ऐकत असावी.

"ते त्याचं झालं," ती म्हणाली. "माझं झालं न्हाई."

मी घंटा तिच्यापुढं केली.

"घंटा त्यानं दिलीया, ती मी मोडणार न्हाई. बांधा. जनावरं चरू देत एकत्र. माझं मी बघीन, शेट."

शेट म्हणाली.

लोळा मीच आत बांधला. परशूनं घंटा धरली. मोरीच्या गळ्यात घातली तेव्हा तिनं मान झटकली आणि आवाज आला. लाकडाला लाकूड लागल्याचा खोल आवाज, आणि मागून चिरेची बारीक कुरकुर. चांगला नाही. पण दुसऱ्या कुणाचा नाही.

मी हल्याळहून एक पाडी आणली होती, ती त्यांच्या कळपात सोडून परत आलो.

३० जून

स्लीपरांचं काम पुढल्या वर्षासाठी घेत नाही असं रेंजरसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, भिकाजी, वेडा झालास का. असेन. अगदीच फुकट बसणार नाही, डेपो आहेच.

वाडीवर दर आठवड्याला जातो. कान्हूबाबा बोलतात. केशर चटई टाकत नाही. मी ओट्याच्या दगडावर बसतो आणि परत येतो.

४ ऑगस्ट

दुपारी वाडीवरून परशूचा निरोप आला: मोरी कालपासून आली नाही, माझी पाडीही तिच्याबरोबर. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नाही. परशूच्या अंगात अजून ताकद नाही. नियमानं जायचं मीच.

जळवांनी पाय रक्तानं भरले. ओढ्याकाठी दोन तास फिरलो; पावसात सगळे आवाज एक होतात. मग एका वडाखाली उभा राहिलो, डोळे मिटले, आणि झिलूनं शिकवलं होतं तसं पाण्याचा आवाज वेगळा काढला, पानांचा वेगळा काढला. उरलं त्यात काही नव्हतं. तरी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ओढ्याच्या पलीकडून, खालच्या अंगानं, ती कुरकुर आली. अखंड घंटा असती तर पाण्यात बुडून गेली असती. चिरेचा आवाज बुडत नाही.

पाडी दोन खडकांत अडकली होती आणि मोरी तिला सोडून जायला तयार नव्हती. वेल तोडून, गळ्याला बांधून, ओढून बाहेर काढली.

दिवस मावळायच्या आत दोन्ही जनावरं घेऊन वाडीवर पोचलो. केशर अंगणात पावसात उभी होती. तिनं आधी मोरीच्या अंगावरून हात फिरवला, मग पाडीच्या. घंटेला बोट लावलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि आतून मूठभर मीठ आणून दिलं, जळवांसाठी.

"कुठं होत्या?"

मी जागा सांगितली. कशाच्या आवाजावरून सापडल्या तेही सांगितलं.

ती दारात जाऊन थांबली. पाठमोरीच होती.

"पेज हाय," म्हणाली. "बसा."

भावजी म्हणाली नाही. शेटही म्हणाली नाही. ओट्यावर चटई होती. मी चटईवर बसलो आणि मिरची लावून पेज प्यायलो. डोळ्यांतून पाणी आलं. केशर बघत होती. हसली नाही, पण तोंडही फिरवलं नाही.